अकरा नंबरचा रखवाल्या

१

सकाळी सहा वीसला मी घरून निघतो. पाण्याची बाटली पिशवीत टाकतो, चप्पल घालतो आणि दारात कुंदासमोर उभा राहतो. ती हाताने माझी छाती चाचपते, खिसा शोधते आणि त्यात दोन लवंगा टाकते. मला जुना खोकला आहे, थंडीच्या दिवसांत सकाळच्या हवेत तो उठतो. शर्टाची वरची गुंडी उघडी असली तर तीही ती लावून देते. मग मी म्हणतो, "येतो." ती म्हणते, "या."

कुंदाला अगदीच दिसत नाही असं नाही. साखरेने तिचे डोळे गेले तरी उजेड आणि सावली तिला कळते. दारात माणूस उभा राहिला की तिला एक उभी सावली दिसते. बाकी सगळं ती पावलांवरून, आवाजावरून आणि हातावरून ओळखते. आमच्या मुलीचं, नूपुरचं लग्न होऊन ती पुण्याला गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी कॉलेजात गेलो की दिवसभर ती एकटी.

मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. शिक्षण बारावीपर्यंतचं. लिहिणं मात्र माझं मी शिकलो. मुलं प्रॅक्टिकलच्या अर्ध्या कोऱ्या वह्या टाकून देतात, त्या मी घरी आणतो आणि त्यांत रोज लिहितो. सकाळचं तापमान, नळ किती वाजता आला, कुंदाची साखर किती. सव्वीस वर्षं झाली. पुढे जे सांगतो आहे ते वहीतलं आहे. जे वहीत नाही, ते नाही असं सांगेन.

जरीपटक्याच्या पुढे आमची कॉलनी आहे. मागे सोसायटीची बगिच्यासाठी राखलेली मोठी जागा बारा वर्षं गाजरगवतात पडून होती. गेल्या वर्षी सोसायटीने तिचे अठरा वाटे पाडले आणि भाजी लावायला चिठ्ठ्या टाकून सभासदांना दिले. मला अकरा नंबर निघाला. वीस बाय तीस फूट. घरापासून पायवाटेने सात मिनिटं. मधलं रान पडीक आहे, कुसळाच्या गवताने भरलेलं. पायवाटेवरून चाललं की पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं लागतात. ती काढायचं काम माझं रोजचं. पायरीवर बसून एकेक काढतो.

२

दिवाळी झाल्यावर पहिल्या रविवारी, तीन नोव्हेंबरला, मी वाटाण्याच्या चार ओळी टाकल्या. मेथीचे दोन वाफे, पालकाचा एक, सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, एक आणि फुलकोबीची चोवीस रोपं. आठवड्यात वाटाण्याचे एकशे बारा कोंब वर आले. मी मोजले होते.

पंधरा तारखेला त्यांतले एकोणतीस उरले.

साळुंकी कोंबाला धरून ओढते आणि खालचा मऊ दाणा खाऊन कोंब तिथेच टाकून देते. बुलबुल शेंडे खुडतो. चिमण्या मेथीची पहिली दोन पानं खातात, आणि पहिली दोन पानं गेली की मेथी गेली. मी ओळींवर दोरे ताणले. जुन्या कॅसेटची फीत बांधली, ती वाऱ्यावर गुणगुणते. चकचकीत सीड्या टांगल्या.

शेजारच्या बारा नंबरात नत्थूजी असत. सत्तरीचे, पारशिवनीकडचे, मुलाकडे राहायला आलेले. जन्मभर शेती केलेला माणूस वीस बाय तीसच्या तुकड्यात येऊन बसला होता, आणि माझी मेहनत ही त्यांची करमणूक होती.

"पाखरं गानी ऐकाले येऊन राह्यले मास्तर," ते फितीकडे बघून म्हणाले. "आता त्यायच्यासाठी चहाबी ठेवा."

"तुमच्याकडे काहून नाही येत?"

"मी बसलो राह्यतो न इथं. पाखरू मानसाले भिते, दोऱ्याले नाई. मानूस उभा करा."

जाळी लावता आली असती. पण पाच नंबरवाल्यांच्या जाळीत एक बुलबुल अडकून मेला होता. मी ते कुंदाला सांगितलं, आणि तिने माझ्याकडून जाळी लावणार नाही असं वदवून घेतलं होतं.

३

म्हणून सतरा तारखेला, रविवारी, मी माणूस उभा केला.

आदल्या दिवशी कळमन्याच्या फळबाजारात जाऊन संत्र्याच्या पेट्यांतलं तणस आणलं. व्यापारी ते तसंही फेकून देतात. पोतंभर मिळालं. तणस म्हणजे भाताचा पेंढा, पण संत्र्यांत राहून त्याला संत्र्यांचा वास लागला होता. माझा जुना आकाशी शर्ट घेतला, पूर्ण बाह्यांचा. त्याचा खिसा एकदा उसवला होता, तो कुंदाने हातांच्या अंदाजाने शिवला होता. टाके जाड आणि वाकडे, बोटांना लागतील असे. खाली जुना पायजमा. बांबूला आडवी काठी बांधून वर एक चुना फासलेलं गाडगं पालथं घातलं. वरची गुंडी लागेना, तणस जास्त झालं होतं, म्हणून ती उघडीच ठेवली.

नत्थूजींनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"तोंड नाई काढलं?"

"मला चित्र जमत नाही."

"बरं झालं. तोंड काढलं असतं त पाखरं गोंधळले असते, मास्तर कोन अन् रखवाल्या कोन." ते स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

त्याच दिवशी मी वाटाणा पुन्हा टाकला. संध्याकाळी निघताना माझ्या तोंडून निघून गेलं, "येतो गा."

गंमत होती. शर्ट माझाच, उभा राहण्याची तऱ्हाही थोडी माझीच. शिवाय सवय. आमच्या घरात कोणी 'जातो' म्हणत नाही. लहानपणी एकदा म्हणालो होतो तर आईने तोंडावर चापट मारली होती. जाणारा माणूसही 'येतो'च म्हणतो.

नत्थूजी वाफा निंदत होते. त्यांचा हात थांबला.

"त्याले येतो म्हनाचं नाई मास्तर."

"मग?"

"जातो म्हनाचं. 'जातो, तू राह्य.' असं म्हनाव अन् मागं न पाह्यता निंगाव."

"काहून?"

"काहून काय? तो राह्याच्या कामासाठी आहे. येन्याजान्याच्या नाई. जिथं राह्य म्हनलं तिथं तो राह्यते."

या वेळी ते हसले नाहीत. पण नत्थूजी कधी हसत, कधी नाही, मी त्याचा विचार केला नाही. 'येतो' म्हणत वाढलेल्या माणसाला 'जातो' म्हणायला सांगता म्हणजे काय, एवढंच मनात आलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा 'येतो' म्हणालो. रोज सकाळ-संध्याकाळ म्हणत राहिलो.

४

दहा दिवस एक पाखरू उतरलं नाही. टाकलेल्या एकशे चाळीस दाण्यांपैकी एकशे अडतीसांचे कोंब वर आले. नत्थूजी नातीच्या लग्नासाठी गावी गेले. महिनाभराने येतो म्हणाले. माझं सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी पाच ठरलेलं होतं.

सत्तावीस नोव्हेंबरला, बुधवारी, सकाळी मी वाट्यावर गेलो नाही. कुंदाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. बारा वाजता परतलो, तिला घरी सोडलं आणि मी कॉलेजात गेलो. सुटल्यावर थेट वाट्यावर आलो. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

वाटाण्याच्या दोन ओळी उपटलेल्या होत्या. एक्केचाळीस कोंब मातीवर आडवे पडले होते, प्रत्येकाचा दाणा खाल्लेला. मेथीचा एक वाफा खुडलेला.

रखवाल्या जागेवर उभा होता. गाडगं, शर्ट, बाह्या, सगळं होतं तसंच. मी म्हटलं पाखरांची भीड चेपली असेल. पायजम्याचा पाय बांबूवरून सुटला असेल तर नीट करावा म्हणून खाली वाकलो.

पायजम्याला कुसळं लागलेली होती. दोन्ही पायांना, गुडघ्यापर्यंत.

वाट्यात कुसळ नाही. मी एक काडी राहू देत नाही. सर्वांत जवळचं कुसळाचं गवत पन्नास पावलांवर आहे, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना.

मी तिथे उकिडवा बसलो आणि ती काढली. सवयीने मोजली. चौऱ्याण्णव.

घरी आलो तेव्हा कुंदा वऱ्हांड्यात वेताच्या खुर्चीसमोर बसली होती. माझं पाऊल ऐकून म्हणाली, "संत्री कुठं ठेवली?"

"कोणती संत्री?"

"वास येऊन राहिला न. दुपारी तुम्ही आले तेव्हा आणली असतील."

"मी दुपारी नाही आलो. कॉलेजात होतो."

"मग मला डोळा लागला असेल," ती म्हणाली. "पण बोलले काहून नाही, म्हणून मला तुमचा राग आला होता. स्वप्नातल्या माणसाचा काय राग करावा."

५

मी घाबरट नाही. प्रयोगशाळेत आयुष्य गेलं. जे दिसतं त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं नाही तर आपण नीट पाहिलेलं नसतं.

कुसळं वाऱ्याने येतात. पाखरं हळूहळू निर्ढावतात. आणि डॉक्टरांनी त्याच सकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की नजर जात असताना मेंदू रिकाम्या जागी चित्रं भरतो, माणसंसुद्धा, तुम्ही घाबरू नका. तिन्ही कारणं मी वहीत लिहिली. वाचून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ठरवलं होतं की आज 'जातो, तू राह्य' म्हणून पाहायचं. कोणी ऐकत नव्हतं. तरी जीभ वळली नाही. लहानपणीच्या त्या चापटीनंतर जे कधी म्हटलं नाही ते तोंडातून निघेना. मी नुसताच उभा राहिलो, आणि मग, न ठरवता, "येतो" म्हणालो.

त्यानंतर तीन डिसेंबरला मला कणकण होती, मी सकाळी गेलो नाही, दहाला गोळी घेऊन कॉलेजात गेलो. सहा तारखेला सकाळी नळाला पाणी नव्हतं आणि टँकरच्या रांगेत वेळ गेला. दहा तारखेला कॉलेजात परीक्षा होती, पहाटेच निघावं लागलं. तिन्ही दिवशी संध्याकाळी पाखरांनी नासधूस केलेली आढळली. चोवीसपैकी अकरा फुलकोब्या राहिल्या. मी ते लिहिलं. कुसळं काढली. एकशे दोन, अठ्ठ्याऐंशी, पंच्याण्णव.

६

माझी वही लिहायची एक पद्धत आहे. वाट्याचं मी पुढच्या बाजूने लिहितो आणि घरचं, कुंदाचं, वही उलटी करून मागच्या बाजूने. त्यामुळे एकात एक मिसळत नाही.

तेरा डिसेंबरला, शुक्रवारी रात्री, जेवणानंतर लिहायला बसलो तेव्हा वही संपली होती. पुढचं आणि मागचं मधोमध येऊन भेटलं होतं. डाव्या पानावर वाट्याचं शेवटचं, उजव्या पानावर घरचं, उलटं. मी वही फिरवली आणि उजवं पान वाचलं.

'तीन डिसेंबर. कुंदा म्हणते दुपारी येऊन बसलात. मी कॉलेजात होतो. डॉक्टरांना सांगावं.'

'सहा डिसेंबर. पुन्हा तसंच. वऱ्हांड्यात तणसाच्या काड्या, सहा-सात. माझ्याच कपड्यांना लागून आल्या असतील.'

'दहा डिसेंबर. कुंदा आज फार खुशीत. कारण सांगितलं नाही.'

वही परत फिरवली. डाव्या पानावर त्याच तारखा होत्या.

स्वयंपाकघरातून कुंदाचा भांडी लावण्याचा आवाज येत होता. मी तिला हाक मारली. ती भिंतीला हात लावत आली, पलंगावर बसली.

"कुंदा, मी दुपारी येतो तेव्हा काय करतो?"

"असं काय विचारता?"

"सांग न."

"काही नाही करत. खुर्चीत बसता. बोलत नाही." तिने पदराने हात पुसले. "खरं सांगू? आधी मला राग आला होता. मग बरं वाटू लागलं. सकाळ-संध्याकाळ तुमचा जीव त्या भाजीत. रात्री वहीत. दुपारी निदान माझ्यासमोर बसता तरी. घरात कोणी बसलेलं असलं की घर वेगळं वाटते."

मी वही मिटली.

"पण किती वाळले तुम्ही," ती म्हणाली. "लवंगा टाकताना हाताला नुसती काडी लागते. खात जा काहीतरी."

"कोणत्या लवंगा?"

"निघताना टाकते त्या. दुपारीही टाकते. तुम्ही 'येतो' म्हणता, मी टाकते. एवढंच तर बोलता तुम्ही, तेवढा एक शब्द."

७

शनिवारी सकाळी सहा पस्तीसला मी त्याच्या समोर उभा होतो. धुकं होतं. उजेड आला होता पण सूर्य दिसत नव्हता. आजूबाजूच्या वाट्यांत कोणी नव्हतं.

त्याला उभा करण्यापूर्वी मी शर्ट धुतला होता. हे वहीत आहे, सतरा नोव्हेंबर. खिसा उलटा करून धुतला होता.

मी दोन बोटं त्या वाकड्या टाक्यांच्या खिशात घातली. आठ लवंगा निघाल्या. तळहातावर ठेवून मी त्या दोनदा मोजल्या. दोन जरा ओल्या होत्या, दवाने. बाकीच्या कोरड्या. चार दिवस, रोजच्या दोन.

ते तिथेच उपटून टाकायला हवं होतं. मी बांबूला हात घातलाही. मग माझं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं.

वरची गुंडी लावलेली होती. तणस आत दाबून, शर्ट ओढून, नीट लावलेली. माझी लावते तशी.

कुंदाची बोटं तिथे, गळ्यापाशी, इतक्या जवळ गेली होती. तिचं तोंड त्या पालथ्या गाडग्यापासून वीतभरावर आलं असेल. ती वर पाहून हसलीही असेल.

माझा हात बांबूवरून सुटला. उद्या कोयता आणि काडेपेटी घेऊन येऊ, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. त्याला काही म्हणालो नाही. 'येतो'ही नाही. घरी पोचेपर्यंत मला कळलं की 'उद्या येऊ' हे मी त्याच्यासमोरच बोललो होतो.

८

रविवारी वाट्यापासून बरंच दूर असतानाच आवाज आला. साळुंक्यांचा कलकलाट. पन्नास-साठ पाखरं अकरा नंबरात उतरली होती. साळुंक्या, पारवे, चिमण्या, एक कावळा. फुलकोबीच्या फक्त शिरा उरल्या होत्या. मला पाहूनही ती लगेच उडाली नाहीत. त्यांना माहीत होतं की आज कोणी नाही.

मधोमध बांबू उभा होता. आडवी काठी होती. त्यावर काही नव्हतं.

मी धावलो. छप्पन्नाव्या वर्षी, खोकत, कोयता हातात घेऊन मी त्या कुसळातून धावलो. डोक्यात कारणं चालूच होती. भंगारवाल्याने कपडे नेले असतील. गाडगं कोणी पोरांनी फोडलं असेल. मग खापऱ्या का नव्हत्या?

कुंदा वऱ्हांड्यात तांदूळ निवडत होती. एकटी. खुर्ची रिकामी.

"इतक्यात आले?" ती म्हणाली. "अन् धापा काहून टाकता?"

"कोणी आलं होतं?"

"कोण येणार सकाळी सकाळी? तुम्हीच आले."

सोमवारी मी कॉलेजात फोन करून आठवड्याची रजा टाकली. वऱ्हांड्याच्या ग्रिलच्या दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. कुंदाला काही सांगितलं नाही. जिला दिसत नाही तिला काय सांगायचं? दर सावलीला ती दचकली असती, आणि तिच्याकडे सावल्यांशिवाय दुसरं काही नाही. खोकला वाढला म्हणून रजा घेतली, एवढंच सांगितलं. तिला आनंद झाला. सोमवारी तिने मुगाची खिचडी केली. मंगळवारी आम्ही नूपुरशी फोनवर बराच वेळ बोललो. कोणी आलं नाही. वास नाही, काड्या नाहीत. मंगळवारी रात्री मी लिहिलं, 'भंगारवाला असावा.'

९

बुधवार, अठरा डिसेंबर. दुपारचे तीन.

रोज तीनला कुंदा उरलेला भात ग्रिलमधून अंगणात टाकते आणि चिमण्या येतात. तिला त्या दिसत नाहीत, म्हणून ती त्यांच्या आवाजावरून मोजते. आज बारा, आज पंधरा. चुकत असेल तरी मला आवडतं. मी आतल्या खोलीत नवी वही आखत बसलो होतो. मधे पडदा. बाहेर चिमण्यांचा गलका चालला होता.

तीन वाजून आठ मिनिटांनी तो थांबला. कमी होत गेला नाही. एकदम थांबला.

मी पट्टी तशीच धरून बसलो. ग्रिल वाजली नाही. कुलूप वाजलं नाही. खिशावर हात ठेवला, किल्ली होती. मग पडद्याखालून संत्र्यांचा वास आला, ओल्या तणसात दडपलेल्या संत्र्यांचा.

"उठले का?" बाहेर कुंदा म्हणाली. "बसा न."

तिला वाटलं मी आतून उठून बाहेर आलो.

वेताची खुर्ची कुरकुरली. थोडीशी, जड नसलेलं कोणी बसावं तशी.

मला उठता आलं नाही. हे मी खोटं लिहिणार नाही. ती तिथे, माझ्यापासून नऊ फुटांवर होती आणि मी हाताखालच्या कागदावरची रेघ पाहत बसलो. ती बोलत होती. नूपुरचं काहीतरी, मग भाताचं, मग चिमण्या आज लवकर गेल्या. मधे मधे थांबत होती, उत्तरासाठी जागा सोडावी तशी. मग हसत होती.

किती वेळ गेला ते वहीत नाही.

मग एक आवाज आला. माझा आवाज. खोकल्यामुळे खालचा भाग खरखरतो तो. तो म्हणाला, "येतो."

तेव्हा मी उठलो. कारण मला नत्थूजी आठवले, त्यांचा थांबलेला हात आठवला, आणि कुंदा आता काय म्हणेल ते मला कळलं. ती 'या' म्हणणार होती. मी पडद्याकडे धावलो. तिने 'या' म्हणू नये एवढंच माझ्या मनात होतं.

पडद्याच्या फटीतून मला खुर्चीची पाठ दिसली. एक आकाशी बाही, खांद्यापाशी आत गेलेली. मनगट असायला हवं तिथून काड्या बाहेर आलेल्या. आणि कुंदाचा हात. तो उंच गेला, छातीवरून फिरला, वाकड्या टाक्यांपाशी थांबला. चिमटीत दोन लवंगा.

"कशाला जाता?" ती म्हणाली. "रोज तर जाताच. आज नका जाऊ."

"कुंदा," मी म्हणालो. किंवा म्हणालो असं मला वाटलं.

"राहा न," ती त्याला म्हणाली. "इथंच राहा."

१०

पडदा सारून मी वऱ्हांड्यात आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. उशी दबलेली होती. मी हाताने ती फुगवली. हात काढताच ती पुन्हा दबली.

एकोणीस ते बावीस डिसेंबर नव्या वहीत काही नाही. त्या दिवसांतलं इतकंच सांगू शकतो की कुंदा फार समाधानात होती. दिवसभर वऱ्हांड्यात बसून बोलत होती. मी तिच्याशी बोललो की मान वळवून ऐकायची, बाहेरच्या रस्त्यावरचं बोलणं ऐकावं तशी, आणि मग पुन्हा खुर्चीकडे वळायची. तिला हाताला धरून आत नेऊ पाहिलं तर अंग चोरून तिने हात सोडवून घेतला. नूपुरला फोन केला, पण काय सांगावं ते कळेना. तिला म्हटलं, आईची तब्येत चांगली आहे.

अंगणात टाकलेला भात तसाच वाळतो आहे. आमच्याकडे आता एकही पाखरू उतरत नाही.

काल, सोमवारी, रजा संपली. सकाळी मी पिशवीत पाण्याची बाटली टाकली, चप्पल घातली आणि दारात तिच्यासमोर उभा राहिलो. वरची गुंडी मी मुद्दाम उघडी ठेवली होती. छाती थोडी पुढे केली आणि थांबलो. उजेड माझ्या पाठीमागून येत होता. तिला एक उभी सावली दिसत असणार.

तिचा हात आला नाही.

खूप वेळ थांबलो. मग म्हणालो, "येतो."

कुंदाने कान टवकारले. चेहरा माझ्याकडे होता, पण त्यावर ओळख नव्हती. ती खुर्चीकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"अहो, दारात कोणीतरी उभं आहे. 'येतो' म्हणून राहिलं. बघा न जरा, कोण आहे ते."

खुर्ची कुरकुरली.